काशीची आत्याआजी

भाद्रपद वद्य पंचमी

प्रिय सुमे,

दिवाळीपासून तुझ्या एकाही फोनला मी धड उत्तर दिलेलं नाही. रागावली असशील. रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. हे फोनवर बोलायला गेले की घसा दाटून येतो, म्हणून लिहायला बसले. तब्येत ठीक. गुडघा दुखतो, साखर गोळीवर आटोक्यात आहे.

आमच्या काशीच्या आत्याआजीची गोष्ट तुला माझ्याइतकीच पाठ आहे. यात्रेला गेली ती परत आलीच नाही. लहानपणी आपण माळ्यावर बसून तिला कधी वाघाच्या तोंडी दिली, कधी साधूबरोबर हिमालयात पाठवली. सुमे, ती काशीला गेलीच नव्हती. ती वडाळ्याला होती. अ‍ॅकवर्थच्या महारोग्यांच्या आश्रमात, १९३४ पासून १९५९ पर्यंत. पंचवीस वर्षं.

अण्णांची जुनी ट्रंक आवरताना पत्र्याचा एक डबा निघाला. आत मनीऑर्डरीच्या पोचपावत्या होत्या, दोऱ्यानं बांधलेल्या. पाठवणारे आजोबा, रक्कम कधी चार रुपये, कधी पाच. घेणारीच्या जागी सही. सुरुवातीच्या पावत्यांवर सही कशी आहे सांगू? आपल्या शाळेच्या फळ्यावर बाई सुविचार लिहायच्या तशी, वळणदार, शिरोरेघ सरळ. मग ती रेघ कलायला लागते. पुढे अक्षरं एकमेकांपासून लांब गेली आहेत, जसं पेन मुठीत धरून लिहिलं असावं. १९५३ नंतर सही नाही, अंगठा आहे. शेवटचा कागद पोचपावती नाहीच, परत आलेली मनीऑर्डर आहे. त्यावर पोस्टाचा शेरा, दोन शब्दांचा : 'घेणार मयत'.

मी जमिनीवर बसून त्या सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. बोटांतली जाणीव जाते, मग बोटं आखडतात, हे आता कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळतं. पण चार-पाच रुपयांच्या पावत्यांवर ते असं वर्षावर्षानं उतरत गेलेलं बघवेना गं.

आत्याला विचारलं. शहाऐंशी वर्षांची आहे, आठवण अजून लखलखीत. आधी म्हणाली, "मला काही ठाऊक नाही." मग रात्री उशिरा उठून माझ्या अंथरुणाशी आली. आत्याआजीच्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिच्या पाठीवर चट्टा आला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं आणि महिन्याभरात नवऱ्याचं दुसरं लग्न लावलं. माहेरी गोठ्याशेजारच्या खोलीत चार महिने काढले. मग एका पहाटे आजोबा तिला घेऊन मुंबईला गेले आणि एकटे परत आले. गावात सांगितलं, काशीला पाठवली. मनीऑर्डर करायला आजोबा गावातल्या पोस्टात कधी गेले नाहीत. दर महिन्याला तीन कोस चालत शेजारच्या गावी जायचे. लहानगी आत्या एकदा हट्टानं बरोबर गेली होती. वाटेत ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आणि ऐक, मला रात्र रात्र झोप लागत नाही ती याच्यामुळे. आमच्याकडे सर्वपित्रीला तिचं नाव कधीच घेतलं गेलं नाही. आधी ती जिवंत होती म्हणून आजोबांना घेता येईना. मग ती गेली, तेव्हा घेतलं असतं तर भटजींनी विचारलं असतं, खबर कुठून आली? तेव्हाही घेता आलं नाही. तिला कोणी पाणी दिलेलंच नाही, सुमे.

परवा मी वडाळ्याला जाऊन आले. एकटीच. दादाला 'दवाखान्यात जाते' एवढंच सांगितलं, ते खोटंही नव्हतं. आवारात झाडं खूप आहेत. आता ते महापालिकेचं कुष्ठरोग रुग्णालय आहे आणि तिथे एक छोटं संग्रहालयही केलं आहे. ७ नोव्हेंबर १८९० ला आश्रम सुरू झाला तेव्हाचं नाव होतं 'होमलेस लेपर असायलम', म्हणजे बेघर महारोग्यांचा आश्रम. त्या 'बेघर' शब्दापाशी मी अडले. पाच खोल्यांचं, पुढे-मागे अंगण असलेलं घर होतं तिला.

आता तुझ्यासाठी एक गंमत. हे उभं करणारा अ‍ॅकवर्थ म्हणजे तोच, मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर, ज्यानं शाळिग्रामांबरोबर आपले पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले! तू पंचवीस वर्षं वर्गात अफझलखानाचा पोवाडा घसा फोडून म्हटलास, शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या, तो पोवाडा त्याच संग्रहातला. एका वर्षी आश्रम, दुसऱ्या वर्षी पोवाडे. मला त्या साहेबाविषयी माया वाटली. रस्त्यावर, देवळांबाहेर पडून राहणाऱ्यांना छप्पर मिळालं, हे त्याचं ऋण आहेच.

पण पुढे १८९८ चा कायदा आला. नेमून दिलेल्या भागात गरीब महारोगी दिसला तर पोलिसानं वॉरंटाशिवाय पकडायचं. त्यांनी खाण्याचे पदार्थ विकायचे नाहीत, ठरावीक विहिरी-तळ्यांचं पाणी भरायचं नाही. हा कायदा रद्द झाला २०१६ मध्ये. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्यावर घटस्फोट मिळायचा, ते कलम गेलं २०१९ मध्ये. तू आणि मी आपापल्या सुनांची तोंडं बघत होतो तेव्हा, इतकं अलीकडे.

तिथल्या एका गोष्टीनं मात्र धीर आला. आश्रमाच्या सांडपाण्यावर शेती केली जायची आणि रुग्ण तिथे राबायचे. एकोणिसावं शतक संपता संपता मैल्याच्या टाकीतला गॅससुद्धा तिथे गोळा केला जात होता. म्हणजे ती नुसती खाटेवर पडून नसेल. तिच्या हातात खुरपं असेल, कडेनं मेथी लावली असेल. माझ्या मनाचे खेळ आहेत, कळतं मला. पण तिला वाघाच्या तोंडी देण्यापेक्षा हे बरं.

आणि तेव्हाचे तिथले डॉक्टर चोक्सी! हा आश्रम सांभाळायचे आणि आर्थर रोडचं साथीच्या रोगांचं रुग्णालयही, म्हणजे आजचं कस्तुरबा. १८९६ च्या प्लेगात ऑक्टोबरअखेर हजारभर गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, काळीज काढून घेतात, अशा अफवा होत्या. मला त्या कामगारांचा राग येत नाही. आपलं माणूस दाराआड गेलं आणि पुढे काय झालं ते कोणी सांगेना, तर माणूस काय करेल? आमच्या घरानं उलटं केलं. स्वतःच दाराआड नेऊन ठेवलं आणि स्वतःच सांगितलं नाही.

आता मुद्द्यावर येते. भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. आत्या म्हणते, पावत्या जाळ. दादा म्हणतो, "लग्न होऊन जाऊ दे, मग बघू." हे 'मग बघू' आमच्या घरात नव्वद वर्षं चाललंय. हा रोग रक्तातून उतरत नाही, जंतूनं होतो. हॅन्सननं तो १८७३ मध्येच पाहिला. बहुतेकांच्या अंगात त्याला रोखायची ताकद असते, औषध सुरू झालं की लागण थांबते. हे सगळं दादाला समजतं, इंजिनियर आहे तो. तरी व्याह्यांचं नाव काढलं की त्याचा चेहरा आजोबांसारखा होतो.

तुलाच का लिहिते, हे तू ओळखलं असशील. १९८६ चा उन्हाळा. तुमच्या बाळ्याच्या दंडावर चट्टा आला होता. नर्सबाई महिन्यातून एकदा यायच्या, समोर उभं राहून त्याला गोळ्या गिळायला लावायच्या, आणि लघवी लाल झाली म्हणून तो परसात रडत बसला होता. काकूंनी मला कोकमाचं सरबत दिलं. आईनं बजावलं होतं, त्यांच्याकडे पाणीसुद्धा प्यायचं नाही. मी पेला हातात धरून बसले आणि तू आत गेलीस तेव्हा तुळशीत ओतला. तू खिडकीतून पाहिलंस. मला माहीत आहे तू पाहिलंस. नंतर आपण एकांकिकेच्या नायिकेवरून सहा महिने अबोला धरला, पण ते भांडण नायिकेचं नव्हतंच. अडतीस वर्षं झाली. मला माफ कर, सुमे. काकू असत्या तर त्यांच्या पाया पडले असते.

तुझी लेक बाळंतपणाला आली का? तिला सुंठीचे लाडू पाठवते. बदलीचं काय झालं ते कळव. बाळ्याच्या मुलाला बारावीत चांगले मार्क मिळाले, हे मला तिसऱ्याच कुणाकडून कळलं, त्याची पाठ थोपट माझ्या वतीनं.

सर्वपित्रीला दहा दिवस आहेत. दादानं तर्पणात नाव घेतलं तर ठीक, नाहीतर मी घेणार. बायकांनी करायचं की नाही ते भटजींनी नंतर सांगावं. तू आदल्या दिवशी ये, राहायलाच ये. तिचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ते मला कागदावर नको, मोठ्यानं उच्चारायचं आहे आणि तेव्हा तू शेजारी हवीस. जमलं तर बाळ्यालाही आण.

पावत्या जाळलेल्या नाहीत. डबा माझ्या साड्यांच्या खाली आहे.

तुझी,
बेबी

ता. क. घरात कोकमं आहेत, सरबत मी करीन.