पूर्वेला ओढा, पश्चिमेला नाला. मग नदी कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या सैरीचा लेख वाचला. बरा होता. सोबत नौकाविहाराचा रंगीत फोटो आणि खाली ओळ, ‘उद्यानातील निसर्गरम्य ओढा’. रविवार होता, पोहे गरम होते, म्हटलं जाऊ दे. काल मंगळवारी पान तीनवर दुसरा फोटो, श्रीकृष्णनगरजवळचा. काळं पाणी, थर्माकोलचे तुकडे, मधोमध फुगून वर आलेली एक पिशवी, आणि खाली ओळ, ‘पावसाळा तोंडावर, नाला गाळातच’.

साहेब, हे दोन्ही फोटो एकाच पाण्याचे आहेत. मध्ये फक्त द्रुतगती महामार्ग आडवा गेलेला आहे. महामार्गाच्या पूर्वेला झाडं आहेत, म्हणून तुमच्या लेखी तो ओढा. पश्चिमेला इमारती लागल्या की लगेच नाला. सुमारे १२ किलोमीटर लांबीच्या दहिसर नदीला तुम्ही तीन दिवसांत दोनदा छापलंत, पण ‘नदी’ ही दोन अक्षरं एकदाही खर्ची पडली नाहीत. शाई महागली असेल.

मी मूळचा राजापूरचा, गेली सदतीस वर्षं दौलतनगरात राहतो. आमच्या राजापुराजवळ उन्हाळे गावी जमिनीतून पाणी वर येतं, काही दिवस राहतं आणि गुप्त होतं. त्याला आम्ही गंगा म्हणतो. ती आल्याची बातमी कळली की माणसं रजा टाकून गाडी पकडतात. तुम्हीही ती बातमी चांगली दोन कॉलम छापता. आणि इथे डोंगरात उगम पावून खाडीला मिळणारी, नकाशावर नाव असलेली नदी, तिला नाला म्हणायचं! आमच्या आळीतले काही शहाणे सांगतात की नदी म्हटली की कृष्णा-गोदावरीसारखं पात्र हवं. या मंडळींनी कोकण फक्त आंब्याच्या पेटीवर पाहिलेलं असावं. कोकणातली नदी आखूडच असते. डोंगर समुद्राच्या उशाशी, मग ती लांब पसरणार कुठे? चार महिने अंगात आल्यासारखी धावते, दिवाळीनंतर शहाण्यासारखी वागते, आणि शिमगा उलटला की वरच्या अंगाला तिचे गोटे उघडे पडतात. आमची अर्जुना, कोदवली याच स्वभावाच्या. पावसाळ्यात त्यांचं पाणी राजापूरच्या जवाहर चौकात शिरतं, तेव्हा त्यांना कोणी नाला म्हणून बघावं.

दहिसर नदी त्यांचीच धाकटी बहीण. साष्टीतला, म्हणजे आपली उपनगरं ज्या बेटावर आहेत तिथला, सगळ्यात उंच डोंगर जेमतेम साडेचारशे मीटरचा. तुळशी तलावाच्या अंगच्या या डोंगरांतून ती निघते. ज्या कान्हेरीत भिक्षूंनी लेण्यालेण्याशी पाण्याची टाकी खोदली आणि ‘पोढी’ (म्हणजे तीच टाकी) दान केल्याचे लेख दगडात कोरून ठेवले, त्या डोंगराचं पाणी घेऊन ती काळ्या कातळावरून खाली येते. उपवनात बंधाऱ्याशी थोडी टेकते (तुमचा ‘निसर्गरम्य ओढा’ तो हा), महामार्गाखालून जाते, मग श्रीकृष्णनगर, दौलतनगर, रेल्वेचे रूळ, कांदरपाडा, दहिसरचं गावठाण आणि शेवटी मनोरीची खाडी. उतार सारा वरच्या भागात, खाली सपाटी. म्हणून कान्हेरीवर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की पाणी वाटेत कुठे रमत नाही, थेट आमच्या दारात येतं. त्याच वेळी खाडीत साडेचार मीटरच्या वरची भरती असली की ते पुढेही जात नाही. वरून लोंढा, खालून खाडीचं दार बंद, आणि मध्ये आम्ही.

निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी मी उद्यानात फिरायला जातो. पहिला मोठा पाऊस झाला की नदी आधी फेस आणि काटक्या घेऊन येते, चहाच्या गाळासारखा रंग. दोन दिवसांनी बारीक मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारायला लागतात. गावाकडे आम्ही त्यांना चढणीचे मासे म्हणतो आणि कंदील घेऊन जातो. इथे वनखात्याच्या भीतीने नुसता बघत उभा राहतो. ऑक्टोबरात पाणी इतकं नितळ होतं की तळाचा गोटा मोजता येतो, वर करंजाच्या फांदीवर खंड्या बसलेला. तुमचा रविवारचा फोटोही तेव्हाचाच असावा, पाण्याचा रंगच सांगतो. आणि गंमत बघा, मे महिन्यात हीच नदी वर जंगलात कोरडी ठणठणीत आणि महामार्ग ओलांडून आमच्याकडे आली की भरून वाहतेय. उन्हाळ्यात हे पाणी कुठून येतं ते तुमच्या वार्ताहराला एकदा शोधायला सांगा. नाक बरोबर घेऊन या म्हणावं.

आता मूळ दुखणं सांगतो. गेल्या वर्षी मे महिन्यात नेहमीप्रमाणे ‘नालेसफाई’ झाली. पोकलेन आला, पात्रातला गाळ उपसला आणि आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागून काठावरच ढीग घातला. सुकायला ठेवलाय, दोन दिवसांत उचलतो, असं मुकादम म्हणाला. पहिल्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीपासून तो ढीग बारा-पंधरा फुटांवर. तबेल्याचं शेण, प्लास्टिक, एक फुटकं कमोड आणि कुणाचा तरी शाळेचा बूट. दोन दिवसांचे सतरा दिवस झाले. खिडक्या बंद, पंख्याखाली घामाच्या धारा. सौ.ने देवासमोर दोनाच्या जागी सहा उदबत्त्या लावायला सुरुवात केली, शेवटी घरात दर्शनाला आल्यासारखं वाटायचं. नातू सुट्टीला आला होता, तिसऱ्या दिवशी परत गेला.

तक्रार करायला संबंधित कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या ताईंनी अर्ज हातात दिला आणि विचारलं, ‘काका, कुठला नाला? नंबर काय?’ मी म्हटलं, नाला नाही, नदी आहे. त्या म्हणाल्या, ‘तेच ते.’ मी म्हटलं, तेच ते नाही. मागे रांगेतला एक जण म्हणाला, ‘आजोबा, भूगोलाचा तास नंतर घ्या.’ शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने ‘नाला’ लिहिलं, कारण त्या रकान्यात दुसरा पर्याय नव्हता. पाचव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ मी खिडकी किलकिली करून पाहिलं. ढीग जागेवर होता. पुन्हा गेलो तर सांगितलं, जुनी तक्रार बंद झालीय, नवीन करा. नवीन केली. ती निकाली निघायच्या आधी पाऊस आला आणि एका रात्रीत अख्खा ढीग पुन्हा पात्रात. म्हणजे उपसायचे पैसे आपले, आणि परत टाकायचं काम वरुणराजाने फुकटात केलं. नालेसफाई शंभर टक्के पूर्ण.

तुम्ही म्हणाल, नावाने काय होतं. होतं, साहेब. नदी म्हटली की तिला काठ असतो, पूर पसरायला जागा लागते, उगमापासून मुखापर्यंत एकत्र विचार करावा लागतो. नाला म्हटला की दोन बाजूंना भिंती बांधायच्या आणि दरवर्षी मेमध्ये पोकलेन उतरवायचा. मुंबईतल्याच मिठी नदीसाठी २००५ च्या पुरानंतर निदान प्राधिकरण तरी झालं. आमची ही उत्तरेकडची, तिच्यासाठी खिडकीवरचा अर्जच.

२६ जुलै २००५ ला सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा तुम्ही दरवर्षी छापता. त्या संध्याकाळी आम्ही तळमजल्यावर राहत होतो. पाणी घरात कमरेइतकं चढलं. मी आणि सौ. जिन्यात बसून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर चिखल उपसायला घेतला, तर फ्रिजच्या मागे, देव्हाऱ्याच्या कपाटात, भांड्यांच्या फडताळात सागाची पानं. ताटाएवढी, कुजकी, पण ओळखू येणारी. गॅसच्या सिलिंडरमागे एक जिवंत खेकडा, नांग्या वर करून बसलेला, जणू घर त्याचंच. सौ. ओरडली आणि मला हसूच आलं, कारण राजापूरला आमच्या परसात पाऊस लागला की हे खेकडे असेच निघतात. दौलतनगरात साग नाही. ती पानं डोंगरातून आली होती. त्या दिवसापासून मी तिला कधी नाला म्हटलेलं नाही. त्यानंतर आम्ही पहिल्या मजल्यावर गेलो ही गोष्ट वेगळी.

अजून एक. गेल्या जूनमध्ये या गाळाबद्दल मी तुम्हालाच पत्र लिहिलं होतं. तुम्ही ते छापलंत, आभारी आहे. पण मी सात ठिकाणी ‘नदी’ लिहिलं होतं, त्यातलं एकही राहिलं नाही, आणि वर मथळा दिलात ‘नाल्याच्या दुर्गंधीने रहिवासी हैराण’. सोसायटीतल्या लोकांनी अभिनंदन केलं, मी कुणाच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही. या खेपेला कात्री चालवायचीच असेल तर खेकडा कापा, फ्रिज कापा, नदी राहू द्या.

आणि जाता जाता, भरतीची वेळ. ती तुम्ही शेवटच्या पानावर राशिभविष्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरसुद्धा मला भिंग लागतं. शुक्र कुठल्या घरात आहे ते वाचून मला गाडी वर लावायची की नाही हे ठरवता येत नाही. जूनपासून तेवढी ओळ पान एकवर घ्यावी, ही विनंती.

कळावे,
आपल्या दैनिकाचा जुना वर्गणीदार,
दौलतनगर, बोरिवली (पूर्व)