आजीचं 'जरासं'

सोलापूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आजी तुला म्हणाली, "तुझी वाट बघून डोळ्यांच्या खाचा झाल्या गं." तू म्हणालीस, "परवाच तर व्हिडिओ कॉल झाला, आजी. किती वाढवून सांगतेस!" तू सहज बोललीस, ठाऊक आहे मला. पण तेव्हापासून कुणी काही विचारलं की ती नुसतं "बरं आहे" म्हणते. चार दिवस घर मुकं झालंय. म्हणून हे लिहायला बसलो.

शाळेत अतिशयोक्ती अलंकार पाठ करताना तू तो दमडीच्या तेलाचा नमुना घोकायचीस. घरभराची न्हाणी होऊन उरलेलं तेल सांडलं, ओघळ वेशीपर्यंत गेला आणि त्यात उंट पोहून गेला. तो उंट कुणालाच खरा वाटत नाही, पण दमडीत संसार भागवणाऱ्या बाईचा तोरा बरोबर पोचतो. मला बी.ए.ला संस्कृतात दंडीचा 'काव्यादर्श' हा काव्यशास्त्राचा जुना ग्रंथ होता. लोकमर्यादा ओलांडणारं हे बोलणं त्यानं अलंकारांत उत्तम म्हटलंय.

आपल्याकडच्या मे महिन्यातलंच बघ. पारा 43 वर गेला, हे थर्मामीटर सांगतो. अंगाची लाही लाही झाली, हे आजी सांगते. नागपंचमीला ती लाह्या करायची तेव्हा तू चुलीपाशी बसायचीस. तापल्या कढईत ज्वारीचा दाणा आधी थरथरतो, मग तडकन फुटून उलटा होतो. दुपारी दुकानातून चालत घरी येताना मला तेच होतं. 43 च्या आकड्यात ते कुठून येणार?

पण दुकानातलीच एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. चाटी गल्लीत बसायला लागलो त्याच वर्षी अक्कलकोटकडच्या एका बाईंना मी चादर विकली. "नातवंडं पांघरतील, एक धागा निघणार नाही," असं म्हणालो. त्या हसल्या. मग त्यांनी विचारलं, "सुती आहे ना?" मी "हो" म्हणालो. मालात भेसळ आहे, हे मला माहीत होतं. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या आणि माझ्यासमोर चादरीचा एक धागा काडीवर धरला. सूत जळलं तर कागदासारखा वास येतो, राख बोटात भुरभुरते. हा धागा वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. तो मणी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. नातवंडांबद्दल त्या अक्षरही बोलल्या नाहीत. ते वाढवून बोललेलं आहे, हे त्यांनी मी बोललो तेव्हाच ओळखलं होतं. त्या फसल्या माझ्या एका अक्षराच्या 'हो'ला. पैसे परत केले, पण त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

म्हणून आजीच्या खाचांना खोटं म्हणू नकोस, बाळा. तू परवा दिसलीस, हे तिलाही कळतं. तुझ्यावाचून दिवस कसा जातो, ते सांगायला तिच्याजवळ दुसरं माप नाही.

आणि दुखण्याचं तिचं अगदी उलटं असतं. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "जरासं दुखतंय." त्याआधीच्या दोन्ही रात्री ती भिंतीला धरून बसून होती. "मेले गं बाई" म्हणत ती धुण्याची बादली उचलते तेव्हा मला काळजी नसते. "जरासं" म्हणाली की मी रिक्षा बोलावतो.

शनिवारी तिला फोन कर. शेंगाचटणी कुटून ठेवली आहे, येणाऱ्याबरोबर पाठवतो. डबा अर्ध्या किलोचा आहे. ती तुला सांगेल, वर्षभर पुरेल म्हणून. तू "हो आजी, पुरेल" म्हण.

तुझा,
बाबा