बाबांना भूत करायचंय

ती. बाबा आणि आई,

सा. न.

आई, रविवारी मी हॅलोविनला खिडकीत भूत म्हणून दाखवायला बाबांचा व्हिडिओ मागत होते, तर माझं वाक्य पुरतं व्हायच्या आत तू फोन ठेवलास. "जित्या माणसाला भूत करतेस?" एवढंच मला ऐकू आलं. फोनवर तू मला पुढे बोलू देणार नाहीस, म्हणून लिहिते आहे. बाबा, हे तिला मोठ्याने वाचून दाखवा, आणि सोयीची नसलेली वाक्यं गाळू नका.

तर ३१ ऑक्टोबरला इथे अमेरिकेत हॅलोविन. लोक घरापुढे भुतं, सांगाडे, थडगी मांडतात आणि अंधार पडला की पोरं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, त्याची ही आदली रात्र. त्याच्याही मागे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा सण आहे, सुगी संपून हिवाळा लागतानाचा. मेलेली माणसं त्या रात्री घराकडे फिरकतात, असा त्यांचा समज. म्हणजे आई, मी काही नवं अभद्र काढलेलं नाही, जुनंच आहे.

गेल्या वर्षी आमचं हसं झालं होतं. मी हौसेने दोन आठवडे आधीच भोपळा कोरला. चार दिवसांत आतून बुरशी धरली, आठव्या दिवशी गाल आत गेले आणि तोंडाचं पार बोळकं झालं. खारींनी एक डोळा कुरतडून दुप्पट केला. पोरं घाबरायची सोडून त्याची कीव करत होती. यंदा २९ तारखेच्या आधी सुरी हातात घेणार नाही. आयर्लंडमध्ये पूर्वी असले चेहरे सलगमवर कोरत. तिथली माणसं अमेरिकेत आली आणि त्यांना भोपळा सापडला, आकाराने मोठा आणि कोरायला सोपा. मी एक सलगम कोरून पाहिला. भोपळ्यावर का गेले ते मनगटाला कळलं.

समोरच्या घरी बारा फुटी सांगाडा उभा आहे. होम डेपो या घरसामानाच्या दुकानाने तो २०२० साली २९९ डॉलरला काढला आणि बघता बघता गल्लोगल्ली झाला. समोरचे तर तो वर्षभर उतरवतच नाहीत, डिसेंबरात त्यालाच सांताची टोपी घालतात! त्यांच्याशी मला चढाओढ करायची नाही. रक्ताचे ओघळ आणि तुटके हातही नकोत, त्याने किळस येते, भीती नाही. भीती वाटते ती नीट न दिसणाऱ्या गोष्टीची. रस्त्यावरून जाताना आमच्या खिडकीत कोणी बसलंय असं वाटावं, आणि थांबून पाहिलं तर त्या माणसातून मागची खुर्ची दिसावी.

बाबा, तुम्ही शाळेत आरसे शिकवायचात, तेव्हा पुढचं तुमच्यासाठी. २४ डिसेंबर १८६२ ला लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन पेपर यांनी रंगमंचावर असंच आरपार भूत उभं केलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या इंजिनियरची, नाव मात्र पेपरचं झालं. प्रेक्षकांपुढे मोठी तिरपी काच, खाली खड्ड्यात झगझगीत उजेडात खरा नट. लोकांना दिसायचं ते त्याचं प्रतिबिंब.

मी खड्ड्याऐवजी टीव्ही वापरणार आहे. खिडकीच्या आत ४५ अंशांत पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा, बाजूच्या भिंतीशी टीव्ही आडव्याचा उभा केलेला, पत्र्यामागे रिकामी खुर्ची. टीव्ही पत्र्यापासून जितका लांब, तितकीच खुर्ची मागे, म्हणजे माणूस बरोबर खुर्चीत बसतो. पडद्यावरच्या काळ्या भागातून उजेड येत नाही, म्हणून तिथे काहीच दिसत नाही. आधी फोटोफ्रेमच्या काचेवर करून पाहिलं, तर भुताला दोन नाकं आली! काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून वेगवेगळं प्रतिबिंब पडतं, हे मला तुमच्या मुलीला आधी सुचायला हवं होतं. आता पातळ अ‍ॅक्रिलिकचा पत्रा चौकटीत ताणून बसवलाय, एकच नाक येतं.

आता त्या खुर्चीत कोण बसणार? इंटरनेटवर तयार भुतं विकत मिळतात, सगळी आरडाओरडा करणारी. मला नुसतं शांत बसणारं माणूस हवंय, आणि तसं बसणं बाबांइतकं कुणाला जमत नाही. आई, तुझ्या नातवाला मी भीत भीतच विचारलं, आजोबांना खिडकीत बसवू का? तो म्हणाला, "आजोबा काचेतच असतात ना." त्यावर मी काय बोलणार.

मग बाबा, मोबाइलवर तुमचा व्हिडिओ काढून पाठवा, तोच मी टीव्हीवर लावीन. मागे काळी चादर, सुरकुती नको. पांढरा सदरा. खोलीतले दिवे बंद, एकच दिवा बाजूने, तोही चादरीवर पडू न देता. मोबाइल उभा, कशाला तरी टेकवून, हातात नाही. पाच मिनिटं बसा, मधे एकदा सावकाश मान खिडकीकडे वळवा, पुन्हा पूर्ववत. सदऱ्याचा खिसा काचेत उलटून तुमच्या उजव्या छातीवर दिसेल, त्याची काळजी करू नका, भुताचा खिसा कुणी तपासत नाही. धुराला ड्राय आइस आणणार नाही, उणे ७८ अंशांची वस्तू घरात लहान मूल असताना नको. कापसाची कोळिष्टकंही फक्त आतून लावणार, बाहेर लावली तर पाखरं अडकतात.

आई, तुलाही बसायचं असेल तर दोघं एकाच चौकटीत मावाल, खुर्च्या चिकटून ठेवा. फक्त हसू आवरायचं.

२० तारखेपर्यंत पाठवा, दुरुस्तीला वेळ राहील.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, बसताना चष्मा काढा. भिंगात दिवा चमकतो.