चुन्याची निवळी थेंबाथेंबानेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाक्यांवरचा लेख बर्लिनमध्ये वाचला आणि खूप आनंद झाला. या विषयावर मराठीत फारसे कुणी लिहीत नाही. पण त्यातल्या चौकटीत ‘अल्कलिनिटी कमी झाली की चमचाभर चुना टाकीत सोडावा’ अशी सूचना आहे. ती कुणी तंतोतंत पाळली तर आतले जीव दगावतील, म्हणून तातडीने लिहिते आहे.

चुना हा उपाय चुकीचा नाही. माझ्या मते तोच सगळ्यांत चोख आहे. 1970 च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी इकडच्या हौशी लोकांत कॅल्कवॉसरची पद्धत रुजवली. कॅल्कवॉसर म्हणजे आपल्याकडे पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी जिच्यात भिजवतात ती चुन्याची निवळीच. दगडी प्रवाळ कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतात. ज्या प्रमाणात ते या दोन गोष्टी पाण्यातून उचलतात, जवळजवळ त्याच प्रमाणात निवळी त्या परत देते. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा वेगवेगळा घातला की पाण्यात मीठ साचत जाते. निवळीत ती भानगड नाही.

लेखात अल्कलिनिटी आणि सामू, म्हणजे पीएच, एकच धरले आहेत, तिथूनच गोंधळ सुरू होतो. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. ती मोजायला पाच मिलिलिटर पाणी छोट्या नळीत घ्यायचे, त्यात आम्लाचा द्राव एकेक थेंब सोडत हलवायचे. रंग निळ्याचा पिवळा झाला की थांबायचे. जितके थेंब, तितके अंश डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचे जर्मन एकक). समुद्रात ही पातळी साधारण 7 असते. संपृक्त निवळीचा सामू मात्र 12.4 च्या आसपास असतो आणि टाकीचा 8 ते 8.4 असावा लागतो. शंभर लिटरच्या टाकीत चमचाभर कोरडा चुना पडला तर सामू 9 कडे उडी घेतो. मग पाणी दुधासारखे पांढरे होते, कॅल्शियम कार्बोनेट साक्यासारखे खाली बसते, पंपाच्या पंख्यावर आणि हीटरवर खर धरते. जी अल्कलिनिटी वाढवायला निघालो तीच घसरते! माशांच्या कल्ल्यांना आणि प्रवाळांना त्या दाहक पाण्याचा त्रास होतो तो वेगळाच.

म्हणून निवळी घालायची ती उडून गेलेल्या पाण्याच्या बदली, थेंबाथेंबाने आणि शक्यतो रात्री. दिवसा दिव्याखाली शेवाळे कार्बन डायऑक्साइड खातात, सामू वर असतो. रात्री तो खाली येतो, तेव्हा निवळी सामावून जाते. माझी टाकी 240 लिटरची आहे. हिवाळ्यात हीटिंगमुळे खोलीतली हवा कोरडी होते आणि रोज तीनेक लिटर पाणी उडते. तेवढी निवळी सलाइनच्या नळीतून रात्रभर ठिबकत राहते. एक लिटर संपृक्त निवळी शंभर लिटर पाण्यात 1.1 अंशापेक्षा किंचित जास्त अल्कलिनिटी आणि सुमारे 8 मिलिग्रॅम प्रतिलिटर कॅल्शियम देते, त्यावरून आपला हिशेब आपण करावा. हिवाळ्यात खिडक्या बंद असल्याने घरातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सामू खाली ओढतो. निवळी तोही शोषून घेते, म्हणून मला ती या दिवसांत जास्तच आवडते. मुंबईच्या पावसाळ्यात उलटे होईल. हवा दमट, पाणी उडत नाही, निवळी कमी जाते आणि अल्कलिनिटी हळूहळू उतरते. ठिबक उडालेल्या पाण्याइतकेच राहू द्यावे आणि उरलेली तूट खाण्याच्या सोड्याने भरावी. आधीच फार पडलेली पातळीही सोड्यानेच वर आणावी. निवळी आहे ती पातळी टिकवण्यासाठी.

आरओच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो, जास्त घालून उपयोग नाही. बरणी हलवून झाकण लावून काही तास ठेवावी. वर येणारी पातळ साय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे धरते, म्हणून झाकण सैल राहू देऊ नये. तळाचा गाळ ढवळू नये, त्यात चुन्यातल्या अशुद्धी आणि धातू बसलेले असतात. फक्त वरची निवळ टाकीत जाऊ द्यावी. पानाचा चुना मी कधीच वापरणार नाही, त्यात काय मिसळले आहे याची खात्री देणारे कुणी नाही. खाद्य दर्जाचे कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे.

लेखात एक ओळही नसलेली गोष्ट डोळ्यांची. चुन्याच्या पुड्या आणि ट्यूब फुटून मुलांचे डोळे जातात, हे आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. टाकीवाल्यांच्या घरी तर चुन्याची बरणीच असते. भुकटी हाताळताना चष्मा आणि हातमोजे घालावेत, बरणी कुलपात ठेवावी. डोळ्यात गेलेच तर लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान वीस मिनिटे धुऊन दवाखाना गाठावा.

भारतातल्या वाचकांसाठी कायद्याचाही उल्लेख हवा होता. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सर्व दगडी प्रवाळांचा समावेश आहे. मालवणच्या समुद्रातून किंवा लक्षद्वीपहून ‘एक तुकडा’ उचलून आणणे हा गुन्हा आहे. बर्लिनमध्ये प्रवाळाच्या फांद्या हौशी लोक एकमेकांना तोडून देतात, त्यामुळे समुद्राला हात लावावा लागत नाही.

पुढच्या रविवारी चौकटीतल्या त्या सूचनेची दुरुस्ती, लेख ज्या पानावर होता त्याच पानावर छापावी, ही विनंती. चुना आणि डोळे याबद्दलचा मजकूर तरी कृपया गाळू नये.

आपली,
एक वाचक, बर्लिन