लेक कोलंबसला चालली

कँटन, मिशिगन
५ जुलै २०२६

प्रिय मंद्या,

आठ महिने उत्तर नाही, याबद्दलच्या शिव्या एकगठ्ठा घाल, मी कान पुढे करून बसलोय. प्रकृती ठीक. शुगर आहे तिथेच आहे, गुडघा पावसाचा अंदाज देतो. झालं.

आता मुद्दा. आपली मुक्ता ओहायो स्टेटला चालली, कोलंबसच्या विद्यापीठात, म्हणजे फुटबॉलमध्ये आपल्या मिशिगन विद्यापीठाच्या जन्माच्या वैऱ्याकडे.

हो, तीच. पुन्हा वाचू नकोस, अक्षरं बदलणार नाहीत. इथे हे सांगायचं कुणाला? ऑफिसातले दात काढतात. पुण्याचे नातेवाईक म्हणतात, "वा, म्हणजे अमेरिकेतच ना?" सासूबाईंना मिशिगन काय नि ओहायो काय, दोन्हीकडे थंडी आणि दोन्हीकडे मेथी महाग. बायको म्हणते, पोरगी डॉक्टर होतेय आणि तुम्ही सुतकात असल्यासारखे बसलाय. मग राहिलास तू.

तिचा दोष नाही हे आधी नोंदवतो. तिला व्हायचंय जनावरांची डॉक्टर आणि आपल्या अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात पशुवैद्यक कॉलेजच नाही. गाईगुरं हे राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाचं, मिशिगन स्टेटचं खातं. म्हणजे एका बाजूला आपला खेळाडू माइक हार्टने २००७ साली 'धाकटा भाऊ' म्हणून डिवचलेली भावकी आणि दुसऱ्या बाजूला थेट वैरी. तिनं वैरी निवडला. भावकीपेक्षा वैरी बरा, असं मी दोन दिवस स्वतःला सांगून पाहिलं.

खरी पंचाईत २८ नोव्हेंबरची आहे. यंदा सम वर्ष, म्हणजे आपला-त्यांचा सामना कोलंबसला, त्यांच्या घोड्याच्या नालात, म्हणजे त्या नालाच्या आकाराच्या स्टेडियमात. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. बाईसाहेबांचं फर्मान आलंय: आईला घेऊन या, माझ्या वर्गातले बारा जण आहेत, सकाळी टेलगेटला, म्हणजे सामन्याआधी गाडीपाशीच्या खाण्याला, बाबांची मिसळ हवी, "पण कपडे जरा साधे घाला." साधे म्हणजे कोणते, मंद्या? मका-पिवळा आणि निळा, आपले रंग, बाद. लाल तर मेलो तरी नाही. करडा स्वेटर काढला, तर करडा हा त्यांचाच दुसरा रंग. काळा घातला तर मयताला आल्यासारखं दिसतं, आणि निकाल लागायच्या आधी ते बरं नाही. सध्या गडद निळ्या कोटावर आलोय, अक्षर नसलेल्या. लांबून काळा दिसतो, जवळून ज्याला कळायचं त्याला कळतं. तुझं मत कळव, पण १९९९ सालच्या तुझ्या मतांसारखं नको.

त्या आठवड्यात तिथे कॅम्पसवरच्या पाट्यांवरचा प्रत्येक 'एम' लाल पट्टीनं खोडतात, आठवतं ना? मुक्ताचं पहिलं अक्षरच ते. दारावरची पाटी 'उक्ता' होणार. मराठी मंडळाच्या फलकाचं काय करत असतील देव जाणे, दोन्ही शब्द गारद.

आता कपड्यांतली खरी गोष्ट, कारण बायको थंडीला भिते आणि तिथे चार तास बसायचंय. थंडी वरून येते असं लोकांना वाटतं, ती येते खालून. पायाखालचं काँक्रीट तळव्यातली ऊब सतत ओढत राहतं, त्याला मोजे दोनावर दोन घालणं हा उपाय नाही; बूट आवळले जातात, रक्त फिरत नाही, बोटं आणखी बधिर होतात. एकच लोकरीचा मोजा, बूट अर्धा नंबर मोठा आणि पायाखाली जाड पुठ्ठा. बुडाखाली फोमची गादी, कारण बाक अ‍ॅल्युमिनियमचे. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं. हात गरम करायच्या पुड्यांत लोखंडाची पूड असते, ती हवेनं गंजते तेव्हा ऊब येते. म्हणून पुडी फोडून लगेच खिशात कोंबायची नाही. दहा-पंधरा मिनिटं उघडी ठेवून हलवायची, मग हातमोज्यात. बुटात हातासाठीची पुडी घातली की ती गप्प होते, कारण आत हवाच नाही. पायाच्या वेगळ्या मिळतात, त्या कमी हवेवर चालतात. तू ज्या पुड्यांना 'फसवाफसवी' म्हणून कचऱ्यात टाकलंस त्यांचं बिघडलेलं काही नव्हतं, चूक तुझ्या बुटाची.

तिकिटं फोनवर असतात आता. लाखभर माणसं एका जागी आली की नेटवर्क झोपतं, म्हणून घरूनच ती फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्यायची आणि फोन आतल्या खिशात, अंगाशी. गारठ्यात बॅटरी चाळीस टक्क्यांवरून थेट बंद पडते. पिशवी पारदर्शकच लागते. तुझी ती शबनम आली असती तर दारातच अडकली असती.

मिसळीचा हिशोब असा धरलाय. माणसं चौदा. कोरडी मटकी ८०० ग्रॅम, गुरुवारी भिजत, शुक्रवारी मोड. कट पाच लिटर. फरसाण दीड किलो, कारण अमेरिकन पोरं ते नुसतंच खातात. गोम इथे आहे की शेंगदाण्याचं तेल दोन-तीन अंशांवर गढूळ होऊन थिजायला लागतं. वाटीतली तर्री पाच मिनिटांत मेण. सूर्यफुलाचं तेल घ्यायचं, चवीला जरा उणं पण पातळ राहतं. कट थर्मासमध्ये न्यायचा, आणि थर्मास आधी उकळतं पाणी घालून दहा मिनिटं तापवून घ्यायचा, नाहीतर पहिली ऊब तो थर्मासच पितो. चिरलेला कांदा बाहेर ठेवला की गोठतो आणि मग पाणी सुटतं. तो बर्फाच्या पेटीत ठेवायचा, बर्फ न घालता. पेटी थंडी आत राखते तशी बाहेरही राखते, हे पटवायला घरात अर्धा तास गेला.

शेगडीचं तुला सांगायला नको, पण तुझ्याकडे अंबडला नोव्हेंबर म्हणजे पंखा एक नंबरवर. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो हे खरं, पण वायू काढत राहिलं की आतला द्रव स्वतःच गार होत जातो, दाब पडतो, ज्योत बुटकी होते. छोटे एक पौंडी डबे यात आधी मान टाकतात. भरलेलं वीस पौंडी सिलिंडर न्यायचं, फळीवर ठेवायचं, बर्फात नाही. आणि चावी हळू उघडायची. झटक्यात उघडली की रेग्युलेटरला वाटतं नळी फुटली, तो वायू अडवतो, आणि सगळे 'सिलिंडर संपलं' म्हणून ओरडतात. संपलेलं नसतं. सगळं बंद करायचं, नळी काढायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा लावून हळू उघडायचं.

रस्ता तोच. यूएस-२३, टोलीडो, फिंडले, मॅरिअन. साधारण १९० मैल. शेवटी डेलावेअर गावातले सिग्नल अजून तसेच जीव घेतात, त्यासाठी वेगळे पाऊण तास धरायचे. सामन्याचा रिवाज दुपारी बाराचा, म्हणजे घरून पहाटे चारला. टोलीडो ओलांडताना तू जे भाषण द्यायचास ते यंदा मला द्यावं लागणार: १८३५ चं 'युद्ध', दोन्ही बाजूंच्या फौजा, आणि सांडलेलं रक्त कुणाचं, तर एका डेप्युटी शेरीफला चाकू लागला तेवढं. चाकू मारणाऱ्याचं नाव 'टू' स्टिकनी, कारण बापानं पोरांची नावं वन आणि टू ठेवली होती! टोलीडो ओहायोला गेलं, बदल्यात मिशिगनला वरचं द्वीपकल्प मिळालं. तांबं आणि लोखंड नंतर निघालं म्हणून बरं. बेळगावच्या बदल्यात आपल्याला असं काही मिळेल का, हा तुझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

आता मला रात्री झोप का येत नाही ते सांगतो. शत्रू-शत्रू म्हणून इतकी वर्षं ओरडलो, आणि परवा मुक्तानं शांतपणे विचारलं, "बाबा, तुमचे देव कुठले?" मी मिशिगनचे गाजलेले खेळाडू मोजायला बसलो. डेस्मंड हॉवर्ड, १९९१, ओहायो स्टेटविरुद्ध त्यांचा पंट, म्हणजे लाथेनं लांब मारलेला चेंडू, झेलून ९३ यार्ड परत आणला आणि मैदानाच्या टोकाला एंड झोनमध्ये हाइझमन ट्रॉफीवरच्या, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूच्या बक्षिसावरच्या पुतळ्याची पोज दिली. क्लीव्हलंडचा. त्याच वर्षी नोत्र दामविरुद्ध फोर्थ-अँड-वनवर, म्हणजे शेवटची संधी नि एक यार्ड बाकी असताना, झेप घेऊन जो झेल घेतला, तो फेकणारा एल्विस ग्रबॅक. तोही क्लीव्हलंडचा, एकाच शाळेतले दोघे. चार्ल्स वुडसन, १९९७, आपण ज्याच्यासाठी घसा फोडून घेतला, पंट ७८ यार्ड परत आणला, २०-१४, दातात गुलाब. गाव फ्रिमाँट, ओहायो. आणि आपला प्रशिक्षक बो शेमबेकलर? बार्बर्टन, ओहायो, शिवाय ओहायो स्टेटच्या प्रशिक्षकाच्या, वुडी हेजच्याच हाताखाली तयार झालेला. १९६९ ला २४-१२ नं त्यानं गुरूलाच पाडलं. म्हणजे आपण देव्हाऱ्यात मांडलेत ते सगळे त्यांच्याच अंगणातले. पोरगी म्हणाली, "मग मी परतफेड करतेय." उत्तर सुचलं नाही. तुला सुचलं तर कळव.

आपल्या खेळाडूंतला एक टॉम हार्मन तेवढा इंडियानाचा. आणि त्याचंच प्रकरण मला या कामी येईलसं वाटतं. १९४० सालचा त्याचा शेवटचा सामना, कोलंबसलाच. ४०-०. तीन टचडाऊन (चेंडू एंड झोनमध्ये नेला की सहा गुण) स्वतः पळून, दोन पास देऊन, टचडाऊननंतरचे चार जादा गुण लाथेनं, वर पंटही त्याचेच. त्या काळी एकच माणूस सगळं करायचा, आता पंटला वेगळा, किकला वेगळा. मैदान सोडताना कोलंबसचं पब्लिक त्याच्यासाठी उभं राहिलं. आपल्याच टीमचा चाळीसचा धुव्वा उडालेला असताना! पुढे तो युद्धात वैमानिक झाला, दोनदा विमान गमावून वाचला, आणि त्याच्या पॅराशूटच्या रेशमाचा लग्नातला झगा झाला. हे मी मुक्ताला सांगितलं तर म्हणते, झगा कुठे बघायला मिळेल?

तिनंही मला एक दिला. चिक हार्ली. कोलंबसच्या शाळेतलं पोर, १९१९ ला अ‍ॅन आर्बरला येऊन १३-३ नं आपल्याला हरवलं, ओहायो स्टेटचा आपल्यावरचा पहिलावहिला विजय. त्याला बघायला इतकी गर्दी लोटायची की जुनं मैदान पुरेना, म्हणून तो घोड्याचा नाल बांधला. १९२२ ला त्याचं उद्घाटन आपल्याविरुद्ध ठेवलं, आणि आपण १९-० नं वास्तुशांत केली. हार्लीचं पुढचं आयुष्य मात्र मनाच्या आजारात, माजी सैनिकांच्या इस्पितळात गेलं. १९४८ ला त्याला परत आणून गावानं मिरवणूक काढली. हे मला माहीत नव्हतं रे. इतकी वर्षं त्या स्टेडियमला शिव्या घातल्या, आणि ते कुणापायी उभं राहिलं ते पोरीनं सांगितलं.

बर्फ पडला तर १९५० काढीन, ते ठरलंय. एकही फर्स्ट डाऊन न मिळवता, म्हणजे एकदाही सलग दहा यार्ड पुढे न सरकता, ९-३ नं आपण जिंकलेला सामना. आपल्या ऑर्टमनचे २४ पंट. अडाणी माणसाला वाटतं चेंडू सोडून दिला. अरे, त्या बर्फात चेंडू हातात असणं हाच धोका. तो त्यांच्या गळ्यात मारायचा आणि ते कधी पाडतात याची वाट बघायची. दोन सेफ्टी (त्यांना त्यांच्याच एंड झोनमध्ये कोंडल्याचे दोन-दोन गुण) आणि अडवलेल्या पंटाचा एक टचडाऊन की एकच सेफ्टी, यावर आपण कँटीनमध्ये भांडलो होतो. एकच. सेफ्टीचे दोन अधिक टचडाऊनचे, जादा गुण धरून, सात. गणित तुझं तेव्हाही कच्चं होतं.

२०२१ ते २०२४ सलग चार जिंकलो. गेल्या वर्षीचं २७-९ मला आठवत नाही, तूही आठवू नकोस.

त्यांच्या बँडचं एक मात्र मान्य करावं लागेल. तो 'ओहायो' अक्षरांचा प्रकार, आणि शेवटी सूझाफोन हे अंगाभोवती वेढलेलं भलंमोठं पितळी वाद्य वाजवणारा तुरुतुरु जाऊन 'आय'वर टिंब होऊन उभा राहतो, कमरेत वाकून सलाम. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या वादकालाच तो मान. बघताना टाळी वाजते, वाजू द्यावी. ओहायो तिरकं लिहून दाखवणारा पहिला बँड १९३२ ला आपला होता हे कानात सांगता येतं. रांगेत कुणी 'ओ-एच' ओरडलं की आजूबाजूचे 'आय-ओ' म्हणतात. त्या वेळी मी खोकणार आहे.

तुझं काय? काकांचा मोतीबिंदू झाला का? नवीन सीएनसी मशीन आली असं वहिनींच्या स्टेटसवर दिसलं, पेढे? ओंकारला म्हणावं जीआरई उगाच तीनदा देऊ नकोस. आणि माझा निळा लोकरी स्वेटर, पिवळ्या 'एम'चा, १९९८ पासून तुझ्याकडे आहे. नाकारू नकोस, तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आहे. कुणी येत असेल त्याच्याबरोबर नोव्हेंबरच्या आत पाठव. कोटाच्या आत घालीन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
पक्या

ता. क. आपल्या तेव्हाच्या दोन क्वार्टरबॅकांत, म्हणजे पास फेकणाऱ्यांत, टॉम ब्रेडीपेक्षा हेन्सन भारी, हे तुझं १९९९ सालचं मत मुक्ताला सांगितलं. पहिला क्वार्टर एकाला, दुसरा दुसऱ्याला, मग हाफटाइमला निवड, हा प्रशिक्षक लॉइड कारचा घोळही समजावला. व्यावसायिक संघांच्या निवडीत १९९ व्या नंबरला उचललेल्या ब्रेडीचं पुढे काय झालं ते तिला माहीत होतं. तिनं एवढंच विचारलं, "हेन्सन कोण?"