करखटल्यात गप्प बसणे म्हणजे बचाव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अर्थविषयक पुरवणीत करबुडवेगिरीच्या फौजदारी खटल्यांबद्दल जो सल्ला छापून आला, तो वाचून राहवले नाही. ‘गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आरोपीने तोंड उघडू नये’ हे चोरी-मारामारीच्या खटल्यात ठीक आहे. प्राप्तिकराच्या खटल्यात या सल्ल्याने माणूस खड्ड्यात जातो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले कलम २७८ई लेखकाने उघडून पाहिलेले दिसत नाही. कृती झाली हे प्राप्तिकर विभागाने दाखवायचे असते. त्यामागचा दोषी हेतू मात्र न्यायालय गृहीत धरते. तो हेतू नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचे, आणि तेही वाजवी शंकेपलीकडे. ‘तसे असण्याची शक्यता आहे’ एवढ्यावर भागत नाही, असे कलमातच लिहिले आहे.

म्हणजे सारी भिस्त कागदांवर, आणि कागद त्या काळातले हवेत. खटला उभा राहिल्यावर शोधलेली कारणे टिकत नाहीत.

इथल्या गांधीबाग बाजारातल्या एखाद्या कापड व्यापाऱ्याचे उदाहरण घ्या. विवरणपत्रात १४ लाखांचा स्वयंनिर्धारण कर (स्वतः हिशेब करून भरायचा कर) दाखवला, चलन भरलेच नाही. कलम २७६सी(२) खाली, म्हणजे देणे असलेला कर भरण्याचे जाणूनबुजून टाळले म्हणून, कारणे दाखवा नोटीस येते. दुकानातला मुनीम दोन ओळी खरडतो, ‘रक्कम अडकली आहे, मुदत मिळावी’, आणि मालक सही ठोकतो. या उत्तरात थकबाकीची कबुली आहे; कारणाचा एकही पुरावा नाही. पुढे न्यायालयात वकील सांगतात की उधारी वसूल झाली नव्हती. विभाग बँकेचा उतारा पुढे करतो. त्याच महिन्यात वर्धा रोडवरच्या प्लॉटच्या इसारापोटी ९ लाख गेलेले असतात. त्यानंतर हेतू शुद्ध होता हे कोणत्या तोंडाने सांगणार?

बचाव या नोटिशीच्या उत्तरातच उभा करायचा असतो. विवरणपत्राच्या तारखेच्या आगेमागचे सगळ्या खात्यांचे उतारे, अगदी घरच्या बचत खात्याचेसुद्धा. कॅश क्रेडिटची (धंद्यासाठी बँकेकडून मिळणाऱ्या उचलीची) मर्यादा संपली होती असे बँकेचे पत्र. कोणाकडून किती येणे आहे आणि किती दिवसांपासून, याची यादी. सोबत तगाद्याची पत्रे आणि वटलेले नाहीत त्या चेकचे मेमो. थोडाथोडा कर भरला असेल तर चलने तारखेनिशी. आणि जो पैसा दुसरीकडे गेला त्याचा हिशेब आपणहून द्यावा: नोकरांचे पगार, बँकेचा हप्ता, वीजबिल. एक नोंद दडवलेली सापडली की बाकीचे खरे कागदही संशयात येतात. नुसता उशीर म्हणजे कर चुकवण्याचा प्रयत्न नव्हे, असे अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले आहे. पण तो आधार घ्यायचा तर हातात पैसा नव्हता हे आधी दिसले पाहिजे.

हे उत्तर इतके महत्त्वाचे, कारण कलम २७९(१) खाली खटल्याला मंजुरी देणारे आयुक्त तेच वाचून ठरवतात. प्रकरण कलम २७६सी(१) चे, म्हणजे कर लागूच होऊ नये म्हणून केलेल्या चुकवेगिरीचे, आणि रक्कम २५ लाखांपर्यंत असेल तर ९ सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक आधी काढावे. असा खटला दोन मुख्य आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय पुढे न्यायचा नाही, असे त्यात आहे. मंजुरीची प्रत मागून घ्यावी. त्यातले आकारणी वर्ष आणि कलम तक्रारीशी जुळते का, हे शब्द न् शब्द तपासावे.

‘व्याजासह कर भरला की खटला आपोआप संपतो’ हे लेखातले दुसरे विधानही चूक. आपोआप काही संपत नाही. कलम २७९(२) खाली तडजोडीचा रीतसर अर्ज करावा लागतो. १७ ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका अर्जाचे शुल्क २५ हजार, एकत्रित अर्जाचे ५० हजार. तडजोडीची रक्कम वेगळी.

कर आकारणीविरुद्ध अपील चालू आहे म्हणून खटला थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच पी. जयप्पन प्रकरणात सांगितले. मात्र उत्पन्न दडवल्याचा दंड प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने गुणवत्तेवर रद्द केला, तर मग खटलाही टिकत नाही, या के. सी. बिल्डर्सच्या २००४ च्या निकालाचा आधार मिळतो. दंड केवळ तांत्रिक कारणाने गेला असेल तर तो आधार तितका भक्कम राहत नाही, म्हणून आदेशातला तो परिच्छेद नीट वाचावा. शिक्षा दोन वर्षांहून अधिक असू शकणाऱ्या खटल्यात आरोप निश्चित होण्यापूर्वी दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. कमी शिक्षेच्या, समन्स पद्धतीने चालणाऱ्या खटल्यात तो टप्पाच नाही. तिथे आपल्याला खटला रद्द करून घ्यायला सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली जावे लागते. १ जुलै २०२४ नंतरच्या तक्रारीत दखल घेण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकणे त्याच संहितेच्या कलम २२३ प्रमाणे बंधनकारक आहे. ही संधी पहिल्याच तारखेला ‘मुदत द्यावी’ म्हणून वाया घालवू नये.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर, नुसती तक्रार दाखल झालेल्या एका व्यापाऱ्याचा मथळ्यात ‘करबुडव्या’ असा उल्लेख आहे. न्यायालयाने अजून दखलही घेतलेली नाही. इतवारीच्या बाजारात उधारीवर माल मिळतो तो नावावर. असा मथळा आला की दुसऱ्या दिवसापासून समोरचा रोख मागतो. उद्या हा माणूस सुटला तर ती बातमी त्याच पानावर, तेवढ्याच टायपात छापणार का, हे कृपया कळवावे. आणि लेखातल्या दोन्ही चुकांची दुरुस्ती येत्या पुरवणीत ठळकपणे द्यावी. नोटीस हातात पडलेला एखादा वाचक तो लेख कापून ठेवून गप्प बसला असेल, आणि त्याच्या उत्तराची मुदत चालू झालेली आहे.

आपला,
एक करसल्लागार,
धंतोली, नागपूर