‘आमच्यात चालत नाही’ हे कारण कोणासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हे एथिक्समध्ये (म्हणजे पेशाच्या आचारसंहितेत) बसत नाही’ आणि ‘हे नैतिकदृष्ट्या चूक आहे’ ही दोन विधाने आपण एकाच दमात करतो आणि दोन्हींसाठी ‘अनैतिक’ हा एकच शब्द वापरून मोकळे होतो. फरक शब्दांच्या व्युत्पत्तीत शोधायला जावे तर हाती काही लागत नाही. ग्रीक ‘एथिकोस’ला प्रतिशब्द हवा म्हणून रोमन विचारवंत सिसेरोने लॅटिनमध्ये ‘मोरालिस’ (इंग्रजी ‘मॉरल’ त्यावरूनच आला) हा शब्द घडवला, म्हणजे मुळात एक दुसऱ्याचे भाषांतरच. खरा फरक कळतो तो नियमाचे समर्थन आपण कोणासमोर करतो आहोत, हे पाहिल्यावर.

डॉक्टरने रुग्णाचे गुपित फोडू नये, हा नियम घ्या. सहकाऱ्याला ‘आपल्या पेशात हे चालत नाही’ एवढे उत्तर पुरते, कारण त्यानेही तीच बांधिलकी पत्करलेली असते. पण दाराबाहेर बाकावर रुग्णाची पत्नी बसली आहे, नवऱ्याला संसर्गजन्य आजार आहे आणि ‘तिला कळू देऊ नका’ असे त्याने बजावले आहे. तिला आचारसंहितेचे कलम दाखवून काय उपयोग? ती संहिता तिने स्वीकारलेली नाही, झळ मात्र तिलाच लागणार आहे. तिच्यापुढे मांडण्याजोगे कारण असे, की गुपित राहण्याची खात्री नसेल तर लोक आजार लपवतील आणि धोका तिच्यासारख्यांचाच वाढेल. हे कारण पेशाबाहेरच्या माणसालाही तपासून पाहता येते, म्हणून मी त्याला नैतिक म्हणतो. मात्र ते स्वीकारले की त्याची मर्यादाही स्वीकारावी लागते. कॅलिफोर्नियात एका रुग्णाने तरुणीला मारण्याचा बेत मानसोपचारतज्ज्ञाला सांगितला होता. तिला कोणीही सावध केले नाही आणि तिचा खून झाला. त्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटले, की जिथे इतरांच्या जीवाला धोका सुरू होतो तिथे गुप्ततेचे संरक्षण संपते.

याचा अर्थ पेशाची नीती दुय्यम ठरते असा नाही; कित्येकदा ती अधिक कडक असते. भेट मिळालेले पेन घेणे हे काही पाप नाही, तरी बातमीदाराने ते घेऊ नये असा नियम वृत्तपत्र करू शकते आणि ‘आम्ही असे वागत नाही’ हे त्याचे पुरेसे समर्थन आहे, कारण ज्याला तो नियम नको त्याला ती नोकरी सोडता येते. कायद्यातून असे बाहेर पडता येत नाही. त्यामुळे ज्या नियमामागे शिक्षेचे भय आहे त्याच्या समर्थनार्थ कोणी केवळ ‘आमच्यात हे चालत नाही’ असे म्हणू लागले, की ती परंपरा कितीही जुनी असो, मला ते कारण अपुरे वाटते.

आपला,
एक वाचक